परक्या शहरी एक दिवस सायकलवरून

गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारची पहिली मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत याजकवस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक माउली दाराशी येऊन उभी राहिली. तिच्यामागे तिची थोरली मुलगी. परिचारिकेचे शिक्षण जर्मनीत घ्यावयाचे असे या मुलीने ठरविले आहे. भाषेची परीक्षा ती उत्तीर्ण झाली, कागदपत्रे आली, विमानाचा दिवसही मुक्रर झाला. त्या घरातील एकाही स्त्रीने आजवर बेळगावच्या पलीकडे एकटीने रात्र काढलेली नाही.

"पोरीला एकटीला कशी पाठवू ओ फादर? तिकडं तिला बघणारं कोण हाय?" असे म्हणून त्या माउलीने पदराने डोळे टिपले.

धर्मगुरूने अशा वेळी जे बोलावे तेच आम्ही बोललो. देव सर्वत्र आहे, रविवारची मिस्सा चुकवू नको, जपमाळ उशाशी ठेव, इत्यादी. दोघी आशीर्वाद घेऊन निघून गेल्या. बोललो त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु उत्तर फार चटकन तोंडातून निघाले, ही रुखरुख आमच्या मनास दिवसभर लागून राहिली. कारण आम्हीही एकदा परक्या शहरी अगदी एकटे होतो, आणि त्या दिवशी जे घडले ते आम्ही आजतागायत कोणास सांगितलेले नाही.

साल २०१२. गुरुदीक्षा होऊन आम्हास चार वर्षे झाली होती आणि वरिष्ठांच्या आज्ञेवरून आम्ही रोम येथे पुढील अध्ययन करीत होतो. रोममध्ये राहणे म्हणजे एकटे राहणे नव्हे. आमच्या निवासात आपल्या देशाचे पुष्कळ धर्मगुरू होते. बाजारात जावयाचे तरी चौघे मिळून, संत पेत्राच्या चौकात जावयाचे तरी आठ जण मिळून. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र आमच्यासारखे विद्यार्थी-धर्मगुरू जर्मनीतील धर्मग्रामांत महिना-दीड महिना सेवेस जातात. तेथील धर्मगुरूंना तेवढीच विश्रांती मिळते आणि विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा खर्च निघतो. आमच्या वाट्यास म्युन्स्टर धर्मप्रांतातील एक खेडे आले. आमचे जर्मन भाषेचे ज्ञान पाच महिन्यांचे. मिस्सा ग्रंथातून वाचता येई. प्रवचन मात्र एका जर्मन मित्राकडून लिहून घेऊन, त्याचा उच्चार देवनागरीत उतरवून आम्ही वाचीत असू. खेड्यातील म्हाताऱ्या स्त्रिया मिस्सेनंतर हात हातात घेऊन "फार सुंदर" म्हणत. त्यांना नेमके काय समजले हे देव जाणे.

तेथे तिसऱ्या आठवड्यात एका बुधवारी आम्हास पूर्ण दिवसाची सुट्टी मिळाली, आणि आम्ही आगगाडीने म्युन्स्टर शहर पाहावयास निघालो. बरोबर कोणी नाही. अंगात साधा सदरा. धर्मगुरूची कॉलर मुद्दामच ठेवून दिली होती, कारण सायकल चालवावयाचा बेत होता.

म्युन्स्टर हे सायकलींचे शहर. तेथे वस्ती सुमारे तीन लाख, आणि सायकली माणसांहून अधिक आहेत असे तेथील लोक हसत सांगतात. सायकलीस तेथे 'लेत्से' असा एक खास गावठी शब्द आहे. रेल्वे स्थानकासमोर जमिनीखाली सायकली ठेवावयाचे एक प्रचंड स्थान १९९९ साली बांधले गेले; त्यात ३,००० हून अधिक सायकली राहतात. आम्ही उतरणीवरून खाली गेलो आणि स्तब्ध उभे राहिलो. ओळीवर ओळी, दुमजली मांडण्या. आपल्या सर्व तालुक्याच्या सायकली एकत्र केल्या तरी एवढ्या होतील की नाही, असा विचार मनात आला. तेथेच दिवसाच्या भाड्याने एक सायकल मिळाली. काळी, उंच, भक्कम. आमचे वडील ज्या सायकलवरून पहाटे दुधाचे कॅन घेऊन जात, तिची जणू मोठी बहीण.

सायकल आम्ही त्याच सायकलवर शिकलो. पाय पुरत नसे तेव्हा नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत असू, आणि पुढे सेमिनरीत जाईपर्यंत तीच आमची गाडी होती. त्यामुळे सायकल चालविण्यास नव्याने शिकावयाचे काही आहे, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

जुन्या म्युन्स्टर शहरास पूर्वी तटबंदी होती. अठराव्या शतकात ती पाडली आणि तिच्या जागी शहराभोवती एक वर्तुळाकार रस्ता केला. त्यास 'प्रोमेनाड' म्हणतात. लांबी सुमारे साडेचार किलोमीटर, दोहों बाजूंस लिंडनचे उंच वृक्ष, आणि मोटारींस मज्जाव. सकाळची वेळ होती. कामावर जाणारे गृहस्थ, पाठीवर दप्तरे घेतलेले विद्यार्थी, पुढच्या टोपलीत भाजी ठेवलेल्या आजीबाई असा सायकलींचा लोंढा त्या सावलीतून वाहत होता, आणि आवाज म्हणाल तर चाकांची सळसळ व मधूनच एखादी घंटी. आम्ही सवयीने डाव्या बाजूने निघालो. समोरून येणाऱ्या एका बाईंनी जो कटाक्ष टाकला त्याचे भाषांतर करण्याची गरज पडली नाही. आम्ही मुकाट्याने उजवीकडे झालो.

पहिला मुक्काम संत लुडगर यांचे मंदिर. स्थानकापासून ते जवळच. तेथे एक क्रूसमूर्ती आहे; दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात तिचे दोन्ही हात नाहीसे झाले. युद्धानंतर लोकांनी नवे हात बसविले नाहीत. तुमच्या हातांखेरीज मला दुसरे हात नाहीत, अशा अर्थाचे शब्द क्रूसावर हातांच्या जागी लिहिले आणि प्रभूला तसेच राहू दिले. याच मंदिरात १९३३ च्या वसंतात एडिथ स्टाइन या विदुषीने कित्येक तास प्रार्थनेत घालविले. ज्यू कुळात जन्मल्या म्हणून त्यांचे म्युन्स्टरमधील अध्यापन त्याच सुमारास बंद पडले होते. तेथून उठल्या त्या कार्मेल मठात जाण्याचा निश्चय करूनच. पुढे १९४२ साली आउशवित्झ येथे त्यांना मारण्यात आले. आज आपण त्यांना संत म्हणून वंदितो. आम्ही मागच्या बाकावर बसलो. मंदिरात आमच्याखेरीज एक वृद्ध गृहस्थ होते. ते उठून जाताना आमच्याकडे पाहून किंचित मान लववून गेले. तो दिवसातील पहिला नमस्कार, आणि तोही एका अनोळखी भाविकास केलेला, 'फादर'ला नव्हे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्याकडे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापासून लोक आम्हास पाहून खुर्ची पुढे करतात. बसमध्ये पुढची जागा मिळते. कार्यालयात रांग असली तर कोणी तरी म्हणतेच, "फादरना जाऊ द्या." हे सारे लोकांच्या श्रद्धेपोटी आहे आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु माणसास कशाची सवय झाली आहे हे ती गोष्ट नाहीशी झाल्यावाचून कळत नाही. त्या दिवशी आम्ही सायकलवर बसलेला एक सावळा तरुण होतो, इतकेच. सकाळी त्याची मौज वाटली.

पुढे प्रिन्त्सिपालमार्क्ट हा मुख्य बाजाररस्ता लागतो. उंच निमुळत्या शिखरांची घरे, खाली कमानी. सर्व युद्धात जमीनदोस्त झाले आणि पन्नासच्या दशकात जुन्या धर्तीवर पुन्हा बांधले, असे सांगितल्यावरही खरे वाटत नाही. रस्ता फरसबंदीचा. आम्ही वर पाहत, रमत चाललो होतो आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे पाय जरा विसावावा म्हणून पायडल उलटे फिरविले. सायकल जागच्या जागी थबकली व आम्ही तिच्याहून चार हात पुढे गेलो! त्या सायकलींना मागील चाकाचा ब्रेक पायडलात असतो. पायडल उलटे फिरवले की तो लागतो. देणाऱ्याने हे सांगितलेही असेल, पण ते जर्मनमध्ये, आणि आम्ही सर्व काही समजल्यासारखी मान डोलावली होती. पाटलोण गुडघ्यावर फाटली व रक्त आले. जवळच्या दुकानातून एक मुलगी औषधी पट्टी घेऊन धावत आली. ती लावून झाल्यावर तिने सायकल उभी केली, पायडल हाताने मागे फिरवून दाखविले आणि एखाद्या लहान मुलास शिकवावे तसे "असे" म्हणाली. आम्ही गुरुविद्यालयात सात वर्षे काढली. पण इतका मुद्देसूद पाठ क्वचितच ऐकला.

त्या रस्त्याच्या टोकाशी संत लांबर्ट यांचे मंदिर. मनोऱ्यावर, घड्याळाच्या वर, लोखंडाचे तीन पिंजरे अजून लोंबत आहेत. सोळाव्या शतकात ॲनाबाप्टिस्ट पंथाच्या पुढाऱ्यांनी हे शहर बळकावून तेथे आपले राज्य मांडले होते. ते मोडल्यावर १५३६ साली तिघांना हालहाल करून मारले आणि त्यांची प्रेते या पिंजऱ्यांत टांगली. बिशपाच्याच सत्तेखाली हे झाले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही बराच वेळ मान वर करून पाहत राहिलो.

परंतु याच मंदिराच्या व्यासपीठावरून चारशे वर्षांनी दुसरे काही घडले, आणि आम्ही मुख्यतः त्याचसाठी तेथे गेलो होतो. क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन हे १९३३ पासून म्युन्स्टरचे बिशप. उंची दोन मीटरहून अधिक. त्यांचे बोधवाक्य होते, 'ना स्तुतीने, ना भयाने'. १९४१ च्या उन्हाळ्यात नाझी पोलिसांनी मठ जप्त करून धर्मबंधू व धर्मभगिनींना हाकलून देण्यास प्रारंभ केला, तेव्हा १३ जुलै रोजी ते येथे उभे राहिले आणि ज्यांच्या नावानेही लोक कापत त्या पोलिसांवर त्यांनी भर प्रवचनात दोषारोप केला. २० जुलै रोजी दुसरे प्रवचन, नदीपलीकडील पवित्र मारियेच्या मंदिरात. तिसरे ३ ऑगस्ट रोजी, पुन्हा येथे. मनोरुग्ण, अपंग, असाध्य आजारी अशा माणसांना निरुपयोगी ठरवून सरकार गुपचूप मारीत आहे, हे त्यांनी त्या दिवशी मोठ्याने सांगितले. माणूस कामाचा आहे तोवरच त्याला जगण्याचा हक्क, असे एकदा मान्य केले तर उद्या म्हातारपणी तुमचे-आमचे काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर गेल्या. बिशपाला फाशी द्यावी असे काही अधिकारी म्हणत होते. परंतु लोक बिथरतील या भीतीने हात आखडला गेला. तोपर्यंत ७०,००० हून अधिक माणसे मारली गेली होती. त्याच ऑगस्टच्या अखेरीस ती मोहीम वरकरणी थांबविण्यात आली. गुप्तपणे हत्या चालूच राहिल्या.

आमच्या धर्मग्रामात जन्मापासून अंथरुणाला खिळलेला एक मुलगा आहे. त्याला प्रभुभोजन देण्यास जातो तेव्हा आम्हास ते व्यासपीठ आठवते.

बुधवार असल्यामुळे कथीड्रलच्या पटांगणात बाजार भरला होता. भाज्या, फुले, चीज यांच्या राशी, आणि बाजारकरणींची तीच हाकाटी जी कोणत्याही गावी असते. सायकल एका झाडाशी लावून आम्ही आत गेलो. तेथे सोळाव्या शतकातील एक खगोलीय घड्याळ आहे. दुपारी बारा वाजता त्यातील तीन राजे पवित्र मारियेपुढे व बाळ येशूपुढे नमन करून जातात. त्यावरील दिनदर्शिका २०७१ सालापर्यंतची आहे. आत संत ख्रिस्तोफर यांचा १६२७ सालचा एक अवाढव्य पुतळा आहे, खांद्यावर बाळ येशू. प्रवाशांचा पाठीराखा म्हणून त्यांच्यापुढे आम्ही गुडघा टेकण्याचा प्रयत्न केला. पट्टी लावलेला गुडघा नेमका तोच होता.

गालेन यांची समाधी तेथेच एका कपेलात आहे. १० ऑक्टोबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते कथीड्रल उद्ध्वस्त झाले होते. १९४६ साली पोप महोदयांनी त्यांना कार्डिनल केले. १६ मार्च रोजी ते शहरात परतले, भग्न कथीड्रलसमोर लोकांशी बोलले आणि अवघ्या सहा दिवसांनी कालवश झाले. २००५ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्य म्हणून घोषित केले. समाधीपाशी उभे राहून त्यांचे बोधवाक्य आम्ही आमच्या वहीत उतरवून घेतले. खाली तारीख घातली. पुढील प्रवचनात ते वापरावे असाही विचार मनात आला, हे लपवीत नाही.

दुपार तलावाकाठी गेली. पाव, चीज, बाजारातील एक सफरचंद. सायंकाळी निघावयाचे होते. पण रात्री नऊ वाजल्यापासून संत लांबर्टच्या मनोऱ्यावरून पहारेकरी दर अर्ध्या तासाने शिंग फुंकतो, मंगळवार सोडून, आणि ही प्रथा शतकानुशतके चालत आली आहे असे कळल्यावर आम्ही थांबलो. ऑगस्टात तेथे नऊपर्यंत उजेड असतो. दोन वेळा शिंग ऐकले. तो आवाज गंभीर व एकाकी. पूर्वी आग वा शत्रू दिसत नाही, सर्व ठीक आहे, असे तो शहरास सांगे. मग घड्याळ पाहिले आणि शेवटच्या गाडीच्या धास्तीने प्रोमेनाडवरून जोराने सायकल हाणली. अंधार पडला होता. त्या सायकलीस डायनॅमो होता, हे आम्हास पूर्ण ठाऊक होते. परंतु डायनॅमो चाकास लावला की पायडल जड होते. आमचे वडीलही तो लावीत नसत; बॅटरी दातांत धरून दूध घेऊन जात. आम्हीही तो लावला नाही.

झाडांखाली दोन पोलीस उभे होते. एक जण दुसऱ्या सायकलस्वाराशी बोलत होता. दुसरी एक तरुण मुलगी, पंचविशीची असेल, हात वर करून आमच्यासमोर आली. दिवा नाही, हे तिने सांगितले. सायकल कोणाची, हे विचारले. भाड्याची पावती दाखविली. कागदपत्रे मागितली, पारपत्र खेड्यातील खोलीत राहिले होते. एकाएकी आमच्या पोटात गोळा आला. परका देश, रात्र, चेहरा परका, पाटलोण फाटलेली. आणि मग आमच्या तोंडून ते शब्द निघाले. ते जर्मन शब्द आम्हास चांगले पाठ होते. "मी धर्मगुरू आहे."

ही केवळ ओळख नव्हती. आपल्याकडे हे वाक्य उच्चारावे लागत नाही, आणि उच्चारले तर पुढचे सोपे होते. आम्हास ते सोपे होणे हवे होते. तिने विजेरीच्या उजेडात आमच्याकडे पाहिले. रागावली नाही, हसलीही नाही. मग तर दिवा लावलाच पाहिजे, अशा अर्थाचे काही तरी ती शांतपणे म्हणाली, आणि दंडाची पावती फाडली. रात्रीच्या जेवणासाठी राखलेले पैसे त्यात गेले. नंतर तिने स्वतः वाकून डायनॅमो चाकाशी टेकविला, आम्हास चार पावले चालवून दाखवावयास सांगितले आणि उजेड पडल्यावर "शुभ रात्री" म्हणून वाट मोकळी केली.

गाडी मिळाली. डब्यात वही उघडली तो तेच पान निघाले. आम्ही ती मिटून ठेवली.

ही हकीकत आम्ही त्या रविवारीच सायंकाळी त्या मायलेकींच्या घरी जाऊन सांगितली. मुलगी पायडलाचा प्रकार ऐकून पोट धरधरून हसली. आठवीत सरकारकडून मिळालेली तिची सायकल अजून पडवीत आहे, तिचे पायडल उलटे फिरवून तिने पाहिलेही. मग तिने तेथील कागदपत्रांविषयी, दंडाविषयी, रविवारच्या मिस्सेच्या वेळेविषयी नीट प्रश्न विचारले व वहीत टिपून घेतले. पारपत्र खोलीवर ठेवून फिरावयाचे नाही, हे तिने दोनदा अधोरेखित केले.

माउली मात्र हसली नाही. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "रात्री दहाला ती पोलिसातली पोर रस्त्यावर हुती म्हणता, फादर?"

आम्ही म्हटले, "होय. जोडीदार होता, पण जरा दूर."

"तिची आई हाय न्हवं?"

"असेल की."

"तिला झोप लागत असंल का ओ?" असे म्हणून ती माउली चहा ठेवण्यास आत गेली.